येऊन-जाऊन चव्वेचाळीस

सिंहगड रस्त्यावरच्या आनंदनगरहून हिंजवडी फेज एकला कुठूनही जा, अंतर बावीस किलोमीटरच्या आगेमागेच पडतं. इकडे राहून तिकडे नोकरी करणारी माणसं पुष्कळ, पण सायकलने जाणारी थोडी. मी त्यांतली एक, गेली काही वर्षं. वय पंचेचाळीस, काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, घरात नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. दोन-तीन महिन्यांतून एकदा ऑफिसात कुणीतरी नवा मुलगा किंवा मुलगी गाठते आणि विचारते, "मॅडम, मला रोज जमेल का हो?"

जमेल की. बावीस किलोमीटर सायकल हाणायला धडधाकट माणसाला महिनाभराचा सराव पुरतो. अवघड आहे ते पुढचं: पावसाळ्यासकट, मुलांच्या परीक्षांसकट, रिलीजच्या आठवड्यासकट वर्षभर टिकेल का? त्याचं उत्तर मला तुकड्यातुकड्यांनी मिळालं, तसंच ते इथे देते आहे. क्रमांक वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, त्यांवरून महत्त्व ठरवू नये.

१. किलोमीटर नंतर, आधी घड्याळ

सकाळी सव्वासहाला निघाले तर मला सव्वा तास लागतो. सिग्नल धरून ताशी सतरा-अठरा किलोमीटर. याहून मोठे आकडे सांगणाऱ्यांनी सिग्नलला थांबलेला वेळ गुपचूप वजा केलेला असतो. स्कूटरला तास लागतो. कंपनीच्या बसला सकाळी सव्वा तास, आणि संध्याकाळी किती ते देव जाणे. हिंजवडीचा शिवाजी चौक ते वाकडचा पूल एवढ्या टप्प्यात मी जाडजूड कादंबऱ्या संपवल्या आहेत. इथवरचा हिशोब सायकलच्या बाजूने जातो आणि पुष्कळजण इथेच वही मिटतात.

पण पेडल थांबलं म्हणजे सायकलचा वेळ संपला असं होत नाही. निघण्याआधी हवा बघायची, बॅग भरायची. पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं, कारण अंग गरम असताना अंघोळ केली तर कोरड्या कपड्यांत पुन्हा घाम फुटतो. मग अंघोळ, कपडे, केस. संध्याकाळी घरी परत अंघोळ, शिवाय सायकलचे कपडे धुणं. सगळं धरलं तर दिवसाचे साडेतीन तास होतात, स्कूटरचे सव्वादोन. वरचा सव्वा तास कुठून तरी काढावा लागतो आणि बहुतेकजण तो झोपेतून काढतात.

हिंजवडीत याला आणखी एक फाटा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लायंटची सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेआठ-नऊ. कॉल दहाला संपतो, डोकं शांत व्हायला अकरा वाजतात आणि गजर पाचचा. अशा झोपेवर सायकल चालते, नाही असं नाही, पण आठवडाभर. म्हणून आमच्या घरी नियमच आहे: रात्री कॉल असेल तर दुसऱ्या दिवशी स्कूटर. कॉल ऐनवेळी रद्द झाला तरी स्कूटरच, कारण तोवर मन आणि डबा दोन्ही स्कूटरच्या हिशोबाने लागलेले असतात.

चेझारे मार्केत्ती नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की माणूस पायी चालणारा असो की मोटारीतला, प्रवासाला तो दिवसाकाठी सरासरी तासाभराचाच वेळ देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. हिंजवडीला जाणारे आम्ही सगळे ही मर्यादा केव्हाच ओलांडून बसलो आहोत. सायकलवाल्याने आपण त्यावर आणखी किती चढवतोय हे आधी बघावं.

२. तिसऱ्या दिवसाची सकाळ

आमच्या ऑफिसात एक बीआरएम करणारा तरुण होता. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळात लांब पल्ला पुरा करायच्या, मूळ फ्रान्समधून आलेल्या सायकल मोहिमा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, पुढे ३००, ४०० आणि ६००. या गड्याने एका मोसमात चारही अंतरं केली होती. त्याच्या लेखी चव्वेचाळीस म्हणजे पाय मोकळे करणं. दीड महिन्यात त्याने रोजचं येणं सोडलं.

पायांत ताकद कमी नव्हती. पण रविवारी दोनशे करणारा सोमवारी लोळतो, दाबून खातो, आणि पुढच्या मोहिमेपर्यंत शरीराला सवड देतो. रोज येणाऱ्याला सवड नसते. मंगळवारी उरलेला थकवा बुधवारच्या नावे लागतो, बुधवारचा गुरुवारच्या.

त्यामुळे पहिल्या दिवशी कसं वाटलं याला मी फारशी किंमत देत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच छान वाटतं, चारजण कौतुकही करतात. सलग दोन दिवस जाऊन-येऊन करा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील, आणि असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर शरीराची झीज भरून येत नाहीये. माझ्या आणखी दोन खुणा आहेत: पहाटे तीनला जाग येऊन नंतर डोळा न लागणं आणि घरचा जिना चढताना मांड्या भरून येणं. तिसरी खूण मुलीने शोधली. "आई, तू बुधवारी जास्त ओरडतेस," ती म्हणाली. मी ते उडवून लावलं आणि मग गुपचूप लक्ष ठेवलं. बुधवारीच.

त्यानंतर सलग तीन दिवस सायकल मी बंद केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी वाटणी केली की एवढंच अंतर निम्म्या त्रासात पार पडतं, आणि बुधवारी घर शांत असतं.

३. परतीची सोय चार वाजता होते

चव्वेचाळीस किलोमीटरला माझ्या वजनाच्या बाईच्या साधारण आठशे ते हजार कॅलरी खर्च होतात, म्हणजे एक पोटभर जेवण आणि वर थोडं. वजन उतरावं म्हणून सायकल सुरू करणारे नेमकं हेच जेवण गाळतात आणि तिसऱ्या आठवड्यात चक्कर येते म्हणून सायकल विकायला काढतात.

मी निघताना केळं आणि दोन खजूर खाते. पोचल्यावर कँटीनमधले पोहे किंवा उपीट, सोबत उकडलेली अंडी. दुपारी भाकरी आणि उसळ. यातलं काही चुकलं तरी निभावतं, पण चार वाजताचा दाण्याचा लाडू चुकला तर संध्याकाळी बाणेर रस्त्यावर पाय जड होतात आणि कुठल्याशा गाडीवर वडापाव खाऊन पुढे जावं लागतं. वडापावाला माझा आक्षेप नाही, त्यानंतरच्या दहा किलोमीटरना आहे.

बायकांनी आणखी एक गोष्ट करावी: सुरुवात करण्याआधी रक्त तपासून घ्यावं. सेनापती बापट रस्त्याच्या चढावर मला दम लागायचा तो मी वयावर ढकलत होते. हिमोग्लोबिन १०.८ निघालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे बायकांमध्ये १२च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाला लागून चहा प्यायचा नाही असं बजावलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. काही महिन्यांनी तोच चढ, तेच वय, आणि मी वरच्या सिग्नलला फोनवर बोलू शकत होते. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना हा आजार आहे आणि बहुतेकींना तो थकवा म्हणजे आपला स्वभाव वाटतो.

४. "पूर्वी सगळे जायचेच की!"

हे वाक्य पुण्यात सायकलचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच. खरंही आहे. आमचे सासरे शनिवार पेठेतून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत सायकलने जायचे, निवृत्त होईपर्यंत. दापोडीच्या एसटी वर्कशॉपला, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला जाणारेही असेच निघायचे. पाळी सुटायच्या वेळी मुंबई रस्त्यावर सायकलींची रीघ लागायची. काळी ॲटलस, पुढे डायनॅमोचा दिवा, हँडलला डब्याची पिशवी, आणि घोट्याशी पँटला चिमटा. गिअर नाहीत, हेल्मेट नाही, कुणी त्याला व्यायामही म्हणत नव्हतं.

पण या आठवणीत काही गोष्टी सांगायच्या राहतात. शनिवार पेठ ते खडकी एका बाजूने सात-आठ किलोमीटर आहे. दिवसभरात सासऱ्यांचं अंतर माझ्या एका फेरीपेक्षाही कमी भरायचं. कारखान्याचा भोंगा झाला की काम संपलं. रात्री नऊला कुणाची अमेरिका उगवत नव्हती. रस्त्यावर मोटारी मोजक्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट सासूबाईंनीच एकदा सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत मी साडेसातला घरी यायची, हेल्मेट काढून तशीच ओट्याशी उभी राहायची. त्या म्हणायच्या, "अगं, दारात स्कूटर असताना एवढं तडफडत जायचं अडलंय काय?" मी सासऱ्यांचं उदाहरण दिलं. त्यावर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ते आले की हातपाय धुऊन पाटावर बसायचे. पाणी तापलेलं, चहा टाकलेला. त्यांना कधी कुणी कांदा चिरायला लावला नव्हता."

यावर मला उत्तर नव्हतं. सासऱ्यांची सायकल तीस-बत्तीस वर्षं चालली ती सासूबाईंच्या जिवावर. हा हिशोब सायकलच्या कुठल्याही आठवणीत येत नाही.

त्या रविवारी मी नवऱ्यासमोर कागद ठेवला. सायकलच्या दिवशी संध्याकाळचा कुकर आणि भाजी त्याची, पोळ्यांना बाई, मुलीचं गणित जेवणानंतर मी घेणार. तो घरून काम करतो तेव्हा हे सोपं जातं. त्याला ऑफिसला जावं लागतं त्या आठवड्यात सायकल एका दिवसावर येते. वाद झाले. भाजीत मीठ कमी, कुकरची शिटी जास्त, हेही झालं. पण माझी सायकल जर कशावर टिकली असेल तर या कागदावर. मला विचारायला येणाऱ्यांतले जे लग्न झालेले पुरुष असतात, त्यांना मी हमखास विचारते की तुम्ही घरी पोचल्यावर काय करता? "जेवतो," असं उत्तर आलं तर त्यांची सायकल टिकेल, त्यांच्या बायकोचं मला सांगता येत नाही.

५. वेगवान रस्ता की गर्दीचा?

वडगाव पुलावरून बायपासला लागलं की वारजे, चांदणी चौक, बावधन, सूस, बाणेर, बालेवाडी, वाकड. सिग्नल नाही, एका लयीत जाता येतं, नकाशावर हाच रस्ता शहाणपणाचा दिसतो. मी तो काही काळ वापरून पाहिला आणि सोडला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या संध्याकाळी तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली होती. मी बायपासला लागायचे ती त्या उताराच्या पुढे, पण येणारी वाहनं तीच आणि त्यांच्या अंगातला वेगही तोच. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. मोटारींची सोय झाली. सायकलवाल्याला मात्र डावीकडून येऊन मिळणारे रस्ते ओलांडावे लागतात आणि तिथून आत शिरणारा चालक मान वळवून उजवीकडचा वेग बघत असतो. त्याच्या पुढ्यात, डाव्या कडेला असलेली सायकल त्याला दिसतच नाही.

म्हणून मी गावातून जाते: राजाराम पूल, डीपी रस्ता, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक, मग बाणेर रस्ता. कटकट पुष्कळ. बस मध्येच डावीकडे घुसते, उभ्या मोटारीचं दार उघडतं, उलट्या दिशेने येणारे तर आपलेच. पण इथे धक्का लागला तर तो ताशी वीस-तीसचा असतो, ऐंशीचा नाही. दहा मिनिटं जास्त लागतात, ती मी आनंदाने देते.

सायकलमार्गांविषयी थोडक्यात: महापालिकेने २०१७ मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला. शेकडो किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. जमिनीवर जे तुकडे आहेत त्यांवर मोटारी लागतात, पाणीपुरीच्या गाड्या लागतात, आणि मार्ग जिथे संपतो तिथे बहुधा विजेचा डीपी असतो. त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

दिव्यांच्या भरवशावर घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सहाच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे हिवाळाभर परतीचा सगळा रस्ता अंधारात. मागचा लाल दिवा मी दिवसाही चालू ठेवते, आणि ते रस्त्यावर झाडू मारणाऱ्यांसारखं दिसणारं चमकतं जाकीट घालते. ऑफिसातली मुलं हसतात. हसू देत.

६. डिसेंबरात घेतलेला निर्णय अर्धाच असतो

पुण्यात सायकल सुरू करायची लहर बहुतेकांना दिवाळीनंतर येते. हवा गार, रस्ते कोरडे, सकाळी विद्यापीठाच्या झाडांखालून जाताना आपण युरोपात आहोत असं वाटतं. तेव्हा 'आता रोज' असं ठरवणं सोपं आहे. मी सांगते, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत करून बघा, मग ठरवा. वर्षाचा तो तिसरा हिस्सा आहे.

पावसात भिजणं हा त्यातला सर्वांत हलका भाग. रेनकोट घालून पेडल मारलं की आतून घामाने भिजायचं ते भिजायचंच, म्हणून मी सरळ भिजते. पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेत पाय चालते असले की थंडी वाजत नाही. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर बॅगेचं कव्हर, पायांत पट्ट्यांच्या रबरी चपला. खरा त्रास खड्ड्यांचा. पाण्याने भरलेला खड्डा वीतभर आहे की हातभर ते कळत नाही, आणि तो चुकवायला उजवीकडे सरकावं तर मागून बस. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेलं डिझेल वर येतं. झेब्रा पट्टे, लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामांचा चिखल, सगळं निसरडं. रिमवर धरणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात. पावसाळा काढायचा असेल तर डिस्क ब्रेकचे जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. चेनचं तेल एका पावसात धुऊन जातं. शिवाय मान्सूनचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे सकाळी हिंजवडीकडे जाताना तोंडावर. उन्हाळ्यात संध्याकाळी तोच पश्चिमेचा वारा घरी ढकलतो, तेवढी एक मेहेरबानी.

आणि आमचा रस्ता नदीकाठचा. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने आमच्या शेजारच्या एकतानगरीतले तळमजले बुडाले. त्या आठवड्यात सायकलचा विचारही कुणी केला नाही. धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सायकल जिन्याखाली, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

पावसाळ्यात मी आठवड्यातून एखादा दिवस जाते, कधी तोही नाही. ऑक्टोबरात पुन्हा सुरुवात करताना पहिले दोन आठवडे अंग कुरकुरतं. ते धरूनच चालायचं.

७. धुराचं गणित

"एवढा धूर पोटात घेऊन कसला आलाय व्यायाम?" हा प्रश्न टाकाऊ नाही. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी गणिताने असं दाखवलं की हवेतल्या पीएम २.५ या बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल तर सायकलचा फायदा धुराच्या तोट्याहून कितीतरी जास्त राहतो, कितीही चालवा. प्रमाण १०० असेल तर मात्र दिवसाला दीड तासानंतर तोटा फायद्यावर मात करू लागतो.

पुण्याची वर्षाची सरासरी शंभराच्या बरीच खाली असते. पण मी सीटवर अडीच तास असते, आणि जानेवारीतल्या स्थिर हवेत सिग्नलला बसच्या मागे उभी राहते तेव्हा सरासरीचा मला उपयोग नसतो. म्हणून सकाळी लवकर निघते, सिग्नलला बसच्या मागे न थांबता पुढे किंवा बाजूला जाते, आणि ज्या दिवशी टेकड्या धुरकट दिसतात त्या दिवशी स्कूटरलाही सुट्टी देऊन बसने जाते. एन-९५ मास्क लावून चढ चढता येत असेल तर जरूर लावावा. मला जमलेलं नाही.

फायद्याच्या बाजूचा आकडाही असाच बारकाईने वाचावा. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. सायकलवाले हा आकडा तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यातले सायकलस्वार आठवड्याला सरासरी साधारण ४८ किलोमीटर चालवत होते, हे मात्र कुणी सांगत नाही. आठवड्याला! माझा तो एका दिवसाचा रतीब आहे. अंतर वाढलं तसा तिथे फायदाही वाढलेला दिसला, हे खरं. आणि मुळात निरोगी माणसंच सायकल धरतात, ही शक्यताही अशा अभ्यासात पूर्ण पुसता येत नाही. पण आठवड्यातून पाचही दिवस गेलं नाही तर सगळं फुकट, असं समजून जी माणसं हट्टाने गुडघे घालवतात, त्यांच्यासाठी हा आकडा मी मुद्दाम लिहून ठेवला आहे.

८. गुडघा, करंगळी, सीट

गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. पेडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी उंची सुरुवातीला पुरते. जड गिअरमध्ये दात-ओठ खात दाबण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये भरभर फिरवावं, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. अनामिका आणि करंगळी बधिर होत असतील तर तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस हँडलवर दबते आहे. हातांची जागा बदलत राहा, हँडल थोडं वर घ्या. बायकांची बैठकीची हाडं जास्त अंतरावर असतात, तेव्हा सायकलबरोबर आलेली अरुंद सीट बदलायला लाजू नका. आणि ती गादीसारखी मऊ जेलची सीट घेऊ नका. दुकानात छान वाटते, पंधराव्या किलोमीटरला रडवते.

९. न्हाणीघर आणि पैसे

ऑफिसात अंघोळीची सोय नसेल तर आठवड्यातून एका दिवसापलीकडे जाऊ नका. ओल्या पंच्याने अंग पुसून मीटिंगला बसता येतं, पण दिवसभर आपण आपल्यालाच चुकवत राहतो. सोय असेल तर कपाटात एक जोड कायमचा ठेवा, अंतर्वस्त्रांसकट. हा तपशील कुणी आधी सांगत नाही आणि प्रत्येकजण एकदा तरी विसरतो.

पैशांसाठी म्हणून सायकल करू नका. माझी स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे सायकलच्या प्रत्येक दिवशी एक लिटर वाचतो, शंभर रुपयांच्या वर. त्यातून केळी, खजूर, अंडी, लाडू, दर काही हजार किलोमीटरना नवी चेन, टायर, ब्रेक पॅड. उरतं ते किरकोळ. पंक्चर मात्र स्वतः काढायला शिका. रात्री आठला बाणेर रस्त्यावर सायकलचं दुकान उघडं नसतं आणि स्कूटरची पंक्चरं काढणारा तुमची ट्यूब हातात घेऊन नुसता बघत बसतो.

१०. अर्धी फेरी

ही युक्ती मला आधी कळली असती तर पहिलं वर्ष सुखात गेलं असतं. सोमवारी सायकलने जायचं, सायकल ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवायची आणि कंपनीच्या बसने घरी यायचं. मंगळवारी बसने जायचं आणि सायकलने परतायचं. दिवसाला बावीस. रात्री कॉल असेल तर बसची फेरी संध्याकाळी घ्यायची, सकाळी झोप हवी असेल तर सकाळी. परतीला अचानक पाऊस आला किंवा मुलीला ताप आहे असा फोन आला, तरी सायकल ऑफिसात सुखरूप असते. दोन दिवसांत मिळून एक पूर्ण फेरी होते, आणि बुधवारी सकाळी नाडी जागेवर असते. हल्ली माझे निम्मे आठवडे असेच जातात. बीआरएमवाल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने "ही फसवणूक आहे" असं म्हटलं. म्हणू दे. त्याची सायकल भिंतीला टांगलेली आहे.

ज्यांचं अंतर तीसच्या पुढे आहे त्यांनी बॅटरीच्या सायकलचाही विचार करावा. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर आपल्याकडे तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. पेडल मारावंच लागतं. मोटर नुसती चढावर आणि वाऱ्यात हात देते. पन्नाशी पाच वर्षांवर आली आहे, म्हणून परवा मीही दुकानात जाऊन भाव विचारून आले. नवरा म्हणतो, "मग स्कूटरमध्ये आणि तिच्यात फरक काय राहिला?" दुकानदार चाचणीसाठी एक दिवस गाडी द्यायला तयार आहे. तेव्हा सेनापती बापट रस्त्याचा चढ आधी नवऱ्याला चढायला लावायचा, असं मी आणि मुलीने ठरवलं आहे.